माळढोक परत आणायचाय? मग आधी जमिनीचं बोला

जैसलमेरच्या सम आणि रामदेवरा इथल्या ब्रीडिंग सेंटरमध्ये माळढोकाचं, म्हणजे मोकळ्या माळरानावर राहणाऱ्या त्या मोठ्या, दुर्मिळ पक्ष्याचं, अजून एक पिल्लू जन्माला आलं अशी बातमी अधूनमधून येते, फोटो फिरतो, सगळेजण आनंदाने शेअर करतात, मीही करतो. आनंद खराच आहे कारण २०१८ मध्ये केंद्र सरकार, राजस्थानचं वनखातं आणि डेहराडूनची वाइल्डलाइफ इन्स्टिट्यूट यांचा करार झाला तेव्हा हे जमेल का याबद्दल भल्याभल्यांना शंका होती. २०१९ मध्ये डेझर्ट नॅशनल पार्कातून रानातली अंडी उचलून इन्क्युबेटरमध्ये उबवली, हुबारा या माळढोकाच्या नात्यातल्या पक्ष्यावर काम करणाऱ्या अबू धाबीच्या फंडाच्या एक्सपर्ट लोकांनी मदत केली, २०२३ मध्ये सेंटरमध्येच वाढलेल्या पक्ष्यांच्या मीलनातून पिल्लू झालं आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये कृत्रिम रेतनातून पहिलं पिल्लू बाहेर आलं. आज त्या दोन सेंटरमध्ये मिळून साठच्या वर पक्षी आहेत. ज्या पक्ष्याची अख्ख्या जगातली संख्या दीडशेच्या आसपास सांगितली जात होती त्याच्यासाठी हा आकडा छोटा नाही. ज्यांनी रात्रंदिवस त्या पिल्लांना किडे भरवले, वजनं मोजली, त्यांचे उपकार मानले पाहिजेत.

पण ही पिल्लं सोडायची कुठे?

हा प्रश्न मी सोलापूर-नगरकडे बघून विचारतोय. आपल्याकडे सोशल मीडियावर हल्ली एक मागणी वारंवार दिसते की आता राजस्थानात पक्षी वाढतायत तर त्यातले चार-सहा सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर आणून सोडा, महाराष्ट्राचा माळढोक परत आणा. मागणीमागची माया मला कळते, तरी मला वाटतं की आज, आहे त्या परिस्थितीत, एकही पक्षी महाराष्ट्रात आणू नये. आधी दहा-पंधरा वर्षं जमिनीवर काम करावं आणि ते झालंय असं दिसलं तरच पक्षी मागावेत. आणि ते काम वनखात्यापेक्षा जास्त महसूल, कृषी, वीज आणि सहकार या खात्यांचं आहे, जी खाती या चर्चेत कधी नसतातच.

नान्नजला आधी काय झालं ते बघू. सत्तरच्या दशकात, ७२ च्या दुष्काळाच्या आगेमागे, अवर्षणप्रवण क्षेत्राच्या योजनेत तिथल्या उजाड माळाचे काही तुकडे चर खणून बंदिस्त केले गेले, चराई थांबली आणि गवत वाढलं. हेतू होता माती धरून ठेवायचा आणि चारा तयार करायचा, पक्ष्याचा विचार कुणी केला नव्हता. पण गवत आलं, नाकतोडे आले, आडोसा झाला आणि माळढोक तिथे ठरून दिसायला लागला, प्रजनन करायला लागला. सोलापूरचे पक्षीअभ्यासक बी. एस. कुलकर्णी यांनी हे पक्षी जगाच्या नजरेला आणून दिले. म्हणजे बघा, महाराष्ट्रातलं माळढोकासाठीचं सगळ्यात यशस्वी काम हे मुळात मृद्संधारणाचं आणि चाऱ्याचं काम होतं. आजूबाजूच्या शेतकऱ्याचाही त्यात फायदा होता. आणि भोवतालची शेती कसली होती तर कोरडवाहू, रब्बीची ज्वारी, करडई, हरभरा, तूर. माळढोक गवतात अंडं घालायचा आणि शेतात चरायचा, नाकतोडे, भुंगे, सरडे, हरभऱ्याचे घाटे. त्याला गवत आणि जिराईत शेती दोन्ही लागायचं, एकाला एक लागून.

मग १९७९ मध्ये अभयारण्य जाहीर झालं. केवढं? ८,४९६ चौरस किलोमीटर. सोलापूर आणि अहमदनगर जिल्ह्यांतले तालुकेच्या तालुके त्यात गेले, गावं, बाजारपेठा, खासगी शेतजमिनी, सगळं. त्यात खरं गवताळ माळरान किती तर अगदी थोडं. बाकी लाखो माणसं राहतात ती जमीन. या माणसांना एक दिवस कळलं की आपण अभयारण्यात राहतो. जमिनीची खरेदी-विक्री अडली, एनए म्हणजे बिगरशेती परवानगी अडली, रस्त्याची, कॅनॉलची, कारखान्याची परवानगी अडली. कुणाच्या मुलीचं लग्न, कुणाचं आजारपण, जमीन विकायला काढावी तर ‘माळढोकमध्ये’ आहे म्हणून व्यवहार होत नाही. एका पाखरापायी आमचं वाटोळं झालं हे वाक्य त्या पट्ट्यात तुम्हाला कुणीही ऐकवेल आणि ते वाक्य बोलणारा माणूस पक्ष्याचा वैरी नसतो हे शहरातल्या पक्षीप्रेमींनी लक्षात घेतलं पाहिजे. त्याच्या आजोबाने माळढोक बघितलेला असतो, त्याला त्याची ओळख असते, पण आपण त्याच्या सातबाऱ्यावर पक्षी बसवला आणि बदल्यात त्याला काही दिलं नाही.

शेवटी ओरड झाली, केसेस झाल्या, समित्या झाल्या आणि २०१२ च्या सुमारास सुप्रीम कोर्टाच्या मंजुरीने अभयारण्य १,२२२ चौरस किलोमीटरवर आणलं. तोपर्यंत तीस वर्षं गेली होती. त्या तीस वर्षांत उजनीचं पाणी पसरलं, बोअर खोल गेले, ऊस आला, द्राक्षबागा आल्या. नान्नज हे नाव द्राक्षवाल्यांना वेगळ्याच कारणासाठी माहीत आहे, सोनाका ही जात तिथलेच शेतकरी नानासाहेब काळे यांनी निवड करून काढली. मला त्यात काही वाईट वाटत नाही, कोरडवाहू भागातल्या माणसाने कष्टाने बाग उभी केली तर त्याचा अभिमानच वाटायला पाहिजे. पण लोखंडी मांडव, तारा, फवारणी, बारा महिने माणसांची वर्दळ आणि उंच ऊस यात माळढोक राहू शकत नाही, हेही तितकंच खरं. त्याला लांबपर्यंत उघडं दिसावं लागतं. आज नान्नजला एखादी मादी दिसली तर पेपरात बातमी येते. वरोरा-भद्रावतीकडे, चंद्रपूर जिल्ह्यात, जे थोडे पक्षी होते तेही जवळपास संपले.

असंच मध्य प्रदेशात झालं. शिवपुरी जिल्ह्यातल्या करेरा इथे १९८१ मध्ये माळढोकासाठी अभयारण्य केलं, लोकांच्या जमिनीवर बंधनं आली, लोक चिडले, पक्षी नव्वदच्या दशकात दिसेनासा झाला आणि बंधनं मात्र पुढे कितीतरी वर्षं तशीच राहिली, शेवटी अभयारण्यच रद्द करावं लागलं. पक्षीही गेला आणि लोकांच्या मनातली जागाही गेली. उद्या तिथे कुणी पक्षी परत आणायचं म्हटलं तर कोण उभं करेल?

आता पक्षी सोडल्यावर काय होतं ते दुसरीकडच्या अनुभवावरून बघू. माळढोकाचा मोठा भाऊ म्हणता येईल असा ग्रेट बस्टर्ड इंग्लंडमधून १८३२ च्या सुमारास नाहीसा झाला होता. २००४ पासून रशियातल्या सारातोव्ह भागातून पिल्लं आणून, नंतर स्पेनमधून अंडी आणून, सॅलिसबरी प्लेन या पठारावर ते सोडायला सुरुवात झाली. पहिली पिल्लं रानात जन्मली २००९ मध्ये. सुरुवातीच्या वर्षांत सोडलेल्यांपैकी बरेच पक्षी कोल्ह्यांनी मारले, काही कुंपणांवर आणि तारांवर आपटून मेले. आज तिथे शंभरच्या आसपास पक्षी आहेत, वीस वर्षांच्या सातत्याने. आणि सॅलिसबरी प्लेन हीच जागा का, तर तिथला मोठा भाग ब्रिटिश सैन्याच्या सरावाचा आहे, म्हणून तिथे नांगर फिरला नाही, इमारती झाल्या नाहीत आणि गवत टिकलं. आपल्याकडेही राजस्थानात माळढोक उरलाय त्यातला एक मोठा भाग पोखरणच्या फायरिंग रेंजमध्ये आहे. तोफा चालतात तिथे पक्षी राहतो आणि जिथे तारा, कुत्री आणि नांगर आहे तिथे राहत नाही, यावरून त्याला नेमकं काय नको आहे ते कळतं.

कॅलिफोर्नियातल्या काँडोरचं, म्हणजे मेलेल्या जनावरांवर जगणाऱ्या तिथल्या गिधाडाचं, उदाहरण त्याहून बोलकं आहे. १९८७ मध्ये रानातला शेवटचा काँडोर पकडून सेंटरमध्ये नेला तेव्हा जगात २७ पक्षी होते. आज पाचशेच्या वर आहेत. म्हणजे ब्रीडिंग जबरदस्त यशस्वी. पण रानात सोडलेल्या काँडोरच्या मृत्यूचं सगळ्यात मोठं कारण आजही तेच आहे जे तेव्हा होतं, शिकाऱ्यांनी मारून टाकलेल्या जनावरात राहिलेलं शिसं. म्हणून तिथे पक्षी सोडावे लागतात, पकडून रक्त तपासावं लागतं, उपचार करून परत सोडावं लागतं, आणि हे कधी थांबणार ते शिशाच्या गोळ्या कधी थांबणार यावर आहे. आपल्या गिधाडांचंही तसंच. डायक्लोफिनॅक २००६ मध्ये जनावरांसाठी बंद केलं, पण गिधाडाला मारणारी दुसरी दुखणीनाशक औषधं, एसेक्लोफिनॅक आणि किटोप्रोफेन, बंद व्हायला २०२३ उजाडलं. हरियाणातल्या पिंजोरच्या सेंटरमध्ये वाढवलेली गिधाडं पेंच आणि ताडोब्यात आणून सोडलीत ते चांगलंच आहे, पण ती जगणार की नाही हे शेवटी गावातल्या डॉक्टरने बैलाला कुठलं इंजेक्शन दिलं यावर ठरणार.

माळढोकाच्या बाबतीत ते शिसं म्हणजे विजेच्या तारा. नर बारा-पंधरा किलोपर्यंत वजनाचा, जड, सरळ उडणारा, डोळे डोक्याच्या बाजूला असल्यामुळे समोरचं कमी दिसतं, आणि तार जवळ आल्यावर वळायला वेळ मिळत नाही. थारमधल्या सुमारे ४,२०० चौरस किलोमीटरमध्ये वर्षाला ८४ हजारांच्या आसपास पक्षी, सगळ्या जातींचे मिळून, तारांमुळे मरतात असा अंदाज वाइल्डलाइफ इन्स्टिट्यूटने काढला होता आणि माळढोक वर्षाला अठराच्या घरात. मादी वर्षाला साधारण एकच अंडं घालते, तेही जमिनीवर, आणि पिल्लाला वयात यायला काही वर्षं लागतात. अशा पक्ष्यात वर्षाला अठरा मरत असतील तर सेंटरमधून कितीही पिल्लं आली तरी हिशोब कधी जुळणार नाही. कच्छमध्ये नलियाच्या बाजूला तर आता माद्याच उरल्यात, नर नाही.

वन्यजीवतज्ज्ञ एम. के. रणजितसिंह यांच्या याचिकेवर सुप्रीम कोर्टाने एप्रिल २०२१ मध्ये तारा जमिनीखाली घालायचा आदेश दिला, तो सुमारे ९९ हजार चौरस किलोमीटरला लागू होणार होता. सोलर कंपन्या आणि सरकार म्हणाले की एवढं शक्य नाही, मग मार्च २०२४ मध्ये कोर्टाने आदेश बदलून एक्सपर्ट समिती नेमली. सौरऊर्जा विरुद्ध पक्षी असं भांडण लावून लोकांनी भरपूर वाद घातला. मला हे भांडणच चुकीचं वाटतं. सौरऊर्जा पाहिजेच, सोलापूरच्या उन्हात राहणाऱ्याला तरी ते वेगळं सांगायला नको. पण प्रकल्प कुठे लावायचा आणि लाइन कुठून न्यायची हे ठरवताना माळ म्हणजे रिकामी जागा असं धरून चालायचं, हे बंद झालं पाहिजे. शिवाय या सगळ्या खटल्यात महाराष्ट्राचं नाव जवळपास येतच नाही, नकाशे राजस्थान आणि गुजरातचे. कारण सरळ आहे, जिथे पक्षी उरला नाही तिथे त्याच्या नावाने कोण भांडणार? म्हणून आपल्या माळांवर सोलर पार्क, पवनचक्क्या आणि लाइनी येतायत त्यावर साधी चर्चाही होत नाही, आणि हीच गोष्ट मला सगळ्यात जास्त खुपते. पक्षी आणायची मागणी करणारे आपण, त्या माळावर उद्या टॉवर उभा राहणार आहे त्याची नोटीसही वाचत नाही.

माळाला सरकारी कागदावर पडीक म्हणतात. पडीक म्हटलं की कुणीतरी ती ‘उपयोगात’ आणायला निघतं. एमआयडीसी म्हणा, सोलर म्हणा, नाहीतर वृक्षलागवड. वृक्षलागवडीचं तर मला फार वाईट वाटतं कारण ती चांगल्या मनाने होते. खड्डे खणून गिरिपुष्प, सुबाभूळ, नीलगिरी लावायची, फोटो काढायचे. नान्नजच्या माळावरसुद्धा गिरिपुष्प लावलं गेलं होतं, नंतर ते काढायची वेळ आली. जिथे हजारो वर्षं कुसळी, पवन्या, मारवेल ही गवतं वाढतायत, जिथे लांडगा, काळवीट, खोकड आणि धाविक, चंडोल असे पक्षी राहतात, तिथे झाडं लावणं म्हणजे त्यांचं घर मोडणं आहे. गवतसुद्धा जमिनीत कार्बन धरून ठेवतं, पाणी मुरवतं, गुरं-मेंढरं जगवतं. शाळेतल्या पोरांना जंगल म्हणजे झाडं एवढंच शिकवलं जातं, ते बदललं तरी पुष्कळ होईल.

मग करायचं काय, तर माझ्या मते सुरुवात ज्वारीपासून करावी. नान्नज-मार्डी-कारंबा, माढा, करमाळा, पलीकडे कर्जत-श्रीगोंदा, या पट्ट्यात जे गवताचे तुकडे अजून शिल्लक आहेत त्यांना लागून असलेली जिराईत जमीन शोधावी, आणि त्या शेतकऱ्यांशी दहा-पंधरा वर्षांचा करार करावा. तुम्ही रब्बी ज्वारी, करडई, हरभरा घ्या, ऊस आणि बाग नको, कीटकनाशक नको, मांडव नको. त्या बदल्यात ज्वारी ठरलेल्या चढ्या भावाने सरकार घेईल आणि शिवाय एकरी दरवर्षी रोख पैसे थेट खात्यात. आणि ही रक्कम उसातून जेवढं सुटतं त्याच्या जवळपास जाणारी पाहिजे, शाल-श्रीफळ देऊन सत्कार केल्यासारखी नको. मालकी त्याचीच, विकायची असेल तर विकू दे, फक्त करार जमिनीबरोबर जाईल. ज्वारीला आता शहरात बाजार आहे, मंगळवेढ्याच्या ज्वारीला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालंय, भाकरी खाणारा माणूस पुणे-मुंबईत चांगला पैसा मोजतो. म्हणजे हा तोट्याचा धंदा नाही, फक्त कुणीतरी नीट बांधून दिला पाहिजे.

दुसरं, धनगरांना बाहेर काढून माळ राखता येत नाही. ठरावीक काळ, ठरावीक भागात चराई झाली तर गवत चांगलं राहतं, अजिबात नाही झाली तर ते माजतं, वाळतं आणि वणव्याला निमंत्रण देतं. कुठला तुकडा पावसाळ्यात, अंड्यांच्या दिवसांत मोकळा ठेवायचा आणि कुठला दिवाळीनंतर उघडायचा हे त्यांच्याबरोबर बसून ठरवावं. लांडग्याच्या बाबतीत मेंढपाळ कसे वागतात ते मी पाहिलंय, नुकसान सोसून त्याच्यासोबत राहतात, अशा माणसांना वनखात्याने दंडाची पावती देऊन शत्रू करू नये.

हे नुसतं स्वप्न वाटत असेल तर वाशीम-अकोल्याकडे बघा. तिथे तणमोरासाठी, जो माळढोकाचाच छोटा नातेवाईक आहे आणि तितकाच संकटात आहे, फासेपारधी समाजाच्या लोकांनी संवेदना या संस्थेच्या कौस्तुभ पांढरीपांडे यांच्यासोबत गवताळ माळ राखले. ज्या समाजावर शिकारी म्हणून शिक्का मारला गेला त्यांनाच पक्ष्याचं घरटं कुठे असतं, तो कधी बोलतो, कुठल्या गवतात लपतो हे सगळ्यात जास्त माहीत. त्यांच्या हातात व्यवस्थापन दिलं तर काम होतं. पुणे जिल्ह्यात कडबनवाडी आणि शिर्सुफळला गवताळ माळाची सफारी सुरू झालीय आणि गावातली पोरं गाइड म्हणून पैसे कमावतायत. मूळचे कोल्हापूरचे डॉ. प्रमोद पाटील यांना माळढोकाच्या कामासाठी २०१५ मध्ये निसर्गसंवर्धनासाठीचा व्हिटली पुरस्कार मिळाला तो थारमधल्या गावकऱ्यांना सोबत घेऊन केलेल्या कामाचा. माणसं आहेत, अनुभव आहे, पैसाही असतो, जंगल तोडल्याच्या भरपाईतून येणाऱ्या कॅम्पा निधीचा असतो, कंपन्यांच्या सीएसआरचा असतो. आपण तो झाडं लावण्यात घालवतो.

तिसरं तारांचं आणि कुत्र्यांचं. गवताच्या तुकड्यांमधून जाणाऱ्या ११ आणि ३३ केव्हीच्या लाइनी आत्ताच जमिनीखाली घालाव्यात, पक्षी यायची वाट बघू नये, नंतर महाग पडतं आणि तोपर्यंत दोन पक्षी मेलेले असतात. कुत्र्यांबद्दल बोललं की लोक अंगावर येतात, पण अंडं जमिनीवर असतं आणि गावाबाहेर टाकलेल्या कोंबड्यांच्या कचऱ्यावर पोसलेली कुत्र्यांची टोळी माळावर फिरत असते, हे वास्तव आहे. तो कचरा बंद करणं ग्रामपंचायतीच्या हातात आहे, नसबंदी सरकारच्या.

यावर लोक विचारतात, एका पक्ष्यासाठी एवढा खर्च? मला हा प्रश्न रास्त वाटतो, उत्तर द्यायलाच पाहिजे. माझं उत्तर असं की वर लिहिलेल्यातली एकही गोष्ट फक्त पक्ष्यासाठी नाही. कोरडवाहू शेतकऱ्याला ज्वारीचा भाव, मेंढपाळाला चारा, खाली जाणारी भूजलपातळी थांबवणं, यातलं प्रत्येक काम माळढोक जन्माला आलाच नसता तरी सोलापूर-नगरमध्ये करावंच लागलं असतं. आणि समजा हे सगळं केलं आणि पंधरा वर्षांनी पक्षी मिळालेच नाहीत, राजस्थानने दिले नाहीत किंवा त्यांच्याकडेच पुरले नाहीत, तरी लांडगा, तणमोर, धाविक आणि त्या माळावरची माणसं आजच्यापेक्षा बरी असतील.

दुसरा आक्षेप जाणकारांकडून येतो, की पंधरा वर्षं थांबायला वेळ कुठे आहे. खरंय, रानातले पक्षी वर्षागणिक कमी होतायत आणि सगळी अंडी एका टोपलीत म्हणजे जैसलमेरमध्ये ठेवणं धोक्याचं आहे, एखादा बर्ड फ्लू आला तर काय? म्हणून तिसरं सेंटर महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात व्हावं असं कुणी म्हणालं तर माझा विरोध नाही, सेंटर जरूर व्हावं. पण सेंटरमध्ये ठेवणं आणि माळावर सोडणं यात फरक आहे. माणसाच्या हाताने भरवलेल्या पिल्लाला कुत्र्याची, खोकडाची भीती आईकडून मिळालेली नसते, तार म्हणजे काय ते माहीत नसतं. असा पक्षी आजच्या नान्नजला सोडला तर त्याच्या अंगावरचा ट्रान्समीटर काही आठवड्यांत एका जागी थांबेल. मग पेपरात येईल की प्रयोग फसला, आणि पुढची वीस वर्षं कुणी पुन्हा नाव काढणार नाही.

त्यामुळे सोलापूर-नगरच्या आमदार-खासदारांकडे पक्षी मागण्याऐवजी आपण एक साधी गोष्ट मागू. अभयारण्यातल्या आणि त्याच्या भोवतीच्या गवताळ जमिनीचा गावनिहाय, गटनिहाय नकाशा जाहीर करा, कुठला तुकडा वनखात्याचा, कुठला गायरान, कुठला खासगी, कुठून कुठली लाइन जाते, कुठे कुठला प्रकल्प मंजूर आहे. तो ग्रामपंचायतीच्या भिंतीवर मराठीत लावा, आणि त्या नकाशावरच्या गायरानात पुढचा वृक्षलागवडीचा खड्डा किंवा टॉवरचा पाया खणायच्या आधी ग्रामसभेला विचारा.